एक्सपोर्टचा माल, लोकलची डिग्री

निफाडचं नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत वर्षातून दोनदा हमखास येतं. एकदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीचा नीचांक नोंदला जातो तेव्हा, आणि एकदा लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव बंद पडतात तेव्हा. थंडी आणि कांदा, एवढ्यावर आपण या तालुक्याची बोळवण करतो. वास्तविक इथे ओझरला लढाऊ विमानं तयार होतात. पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या पॅकहाउसमधून द्राक्षाचे कंटेनर रॉटरडॅमला जातात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला कोबाल्ट-६० चा विकिरण प्रकल्प आहे. विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. भाऊसाहेबनगरला सहकारी साखर कारखान्याची चिमणी आहे. शाळा-कॉलेजांची तर वाणच नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने या भागात शिक्षण गावोगाव नेलं, आणि पिंपळगावच्या कर्मवीर काकासाहेब वाघांच्या नावाची शिक्षणसंस्था आज नाशकात इंजिनिअर घडवते.

म्हणजे शिक्षण आहे, कारखाने आहेत, निर्यातही आहे. तरी कुठल्याही गावात पारावर बसा, दोन तक्रारी कानावर येतात. पोरगं डिप्लोमा होऊन तीन वर्षं घरी आहे, ही एक. आणि सीझनला माणसं मिळत नाहीत हो, ही दुसरी. पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकाच घरातून येतात.

हा गुंता समजून घ्यायला निफाडइतकी योग्य जागा दुसरी नाही, आणि त्याला एक जुनं कारणही आहे. १८ जानेवारी १८४२ रोजी याच गावात, मामलेदार कचेरीत नोकरी करणाऱ्या गोविंदराव रानड्यांच्या घरी महादेव जन्मला. पुढे वडिलांच्या नोकरीबरोबर तो कोल्हापूरला गेला, न्यायमूर्ती झाला, आणि आपण त्याला समाजसुधारक म्हणून फोटोत बसवून टाकलं. रानड्यांचं अर्थशास्त्र मात्र आपण फारसं वाचत नाही. १८९० मध्ये पुण्यात पहिली औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात 'भारतीय अर्थशास्त्र' या विषयावर त्यांनी व्याख्यान दिलं. पुढच्याच वर्षी देशातल्या कारखानदारीच्या सद्यःस्थितीवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा देश कच्चा माल पाठवणारा आणि पक्का माल विकत घेणारा होऊन बसला आहे, इथली माणसं हस्तोद्योगातून ढकलली जाऊन पुन्हा शेतीवर कोसळत आहेत, आणि हे उलटवायचं तर भांडवल, तंत्रशिक्षण आणि सरकारचा हात या तिन्ही गोष्टी एकत्र लागतील. रानड्यांनी जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट वाचला होता. खुल्या व्यापाराचं तत्त्व इंग्लंडला सोयीचं म्हणून सगळ्या जगाला सोयीचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

सव्वाशे वर्षांनंतर त्यांच्या जन्मगावाच्या तालुक्यातून निर्यात होते ती बव्हंशी शेतमालाचीच. रानडे नाराज झाले असते का? मला तसं वाटत नाही. का, ते कळायला पॅकहाउसमध्ये शिरावं लागेल.

जानेवारी ते एप्रिल या काळात पिंपळगाव, उगाव, शिवडी, खेडगावच्या पट्ट्यातलं कुठलंही चांगलं पॅकहाउस पाहा. बाहेर क्रेटनं भरलेल्या गाड्या उभ्या. आत शिरायच्या आधी टोपी, मास्क, हात धुणं. लांब टेबलांवर दोन्ही बाजूंनी बायका, हातात बोथट टोकांच्या कात्र्या. घड उचलायचा तो देठाला धरून, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली गेली की माल 'हाताळलेला' दिसतो. तडकलेला, लहान, पिवळा पडलेला मणी कापून काढायचा, उरलेला घड अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये वजन साधून बसवायचा. दहा पनेटची पेटी. त्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेप गार्डचा कागद. मग प्रीकूलिंगच्या खोलीत मालाची गरमी काही तासांत काढून घ्यायची, पुढे शून्य अंशाच्या जवळपास शीतगृहात, तिथून चाळीस फुटी रिफर कंटेनरमध्ये, आणि कसाऱ्याचा घाट उतरून न्हावाशेव्याला. पेटीवर एक क्रमांक असतो. तो क्रमांक टाकला की हा माल कुठल्या गावच्या, कुणाच्या, कितव्या प्लॉटचा, हे युरोपातल्या खरेदीदाराला सांगता येतं.

हे शेतीचं काम आहे की कारखान्याचं? कच्चा माल आत येतो, ठरलेल्या मापाने तपासला जातो, प्रत्येक टप्प्याची नोंद होते, नापास माल बाजूला पडतो आणि एकसारखा माल बाहेर जातो. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात याहून वेगळं काही घडत नाही. सरकारी तक्त्यांत मात्र या बाया 'शेती व संलग्न' मध्ये मोजल्या जाण्याचीच शक्यता जास्त. २०२३-२४ या वर्षात भारतातून ३ लाख ४३ हजार ९८२ टन ताजी द्राक्षं परदेशी गेली आणि त्यांचे ३,४६० कोटी रुपये आले. किलोला सरासरी शंभर रुपये. यातला मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा.

ही निर्यात पदवीधरांनी उभी केली नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. ती शिकलेल्या माणसांशिवाय उभी राहिली नसती, हेही तितकंच खरं. या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

थॉमसन सीडलेस हे वाण इथं आलं, मग तासगावकडचं तास-ए-गणेश, सोलापूरच्या नान्नजचं सोनाका. १९६० साली द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला. संघाची चर्चासत्रं, शिवारफेऱ्या, परदेशी सल्लागारांना बोलावून बागेत उभं करणं, हे सारं अनेक वर्षं चाललं. चौथी-सातवी शिकलेला शेतकरी जिबरेलिक आम्लाचं प्रमाण पीपीएममध्ये बोलायला लागला तो या शिवारफेऱ्यांत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, ब्रिक्स: हा अभ्यासक्रम कुठल्याही विद्यापीठाने आखलेला नव्हता, परीक्षा मात्र दरवर्षी होती आणि नापास होण्याची किंमत लाखांत होती.

पण एकट्याला परदेशी माल पाठवता येत नव्हता. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मार्क मेलित्झ यांनी २००३ साली एक सिद्धान्त मांडला, तो आज जगभर शिकवला जातो. त्याचा गाभा असा की निर्यात करायची तर माल विकण्याआधीच एक मोठा ठरलेला खर्च करावा लागतो: तिथले नियम समजून घेणं, तपासण्या, प्रमाणपत्रं, खरेदीदार शोधणं. हा खर्च दहा पेट्यांना तेवढाच आणि दहा हजार पेट्यांनाही तेवढाच. म्हणून कमी खर्चात जास्त आणि चांगला माल काढणारी मोजक्या कंपन्याच निर्यातीत टिकतात. बाकीच्या देशातल्या बाजारात राहतात, आणि व्यापार जितका खुला होतो तितक्या दुबळ्या कंपन्या बंद पडतात. देशाची सरासरी उत्पादकता वाढते ती अशी, सगळे सुधारल्यामुळे नव्हे.

मेलित्झच्या बारा वर्षं आधी, जानेवारी १९९१ मध्ये, महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' काढली ती याच अडचणीवर. प्रीकूलिंग, शीतगृह, खरेदीदाराशी बोलणी हा ठरलेला खर्च दोन-पाच एकरवाल्याला पेलणारा नव्हता, तो सगळ्यांनी वाटून घेतला. पुढे २०१० नंतर शेजारच्या दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी याच वाटेनं फार पुढे गेली. २०२२ मध्ये तिने युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभे केले. रुपयांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की छोट्या शेतकऱ्यांच्या कंपनीला परदेशी भांडवलाने कारखानदार म्हणून तोललं.

मध्ये दोन तडाखे बसले. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले. त्यातून उर्वरित अंश तपासणीची योजना आली, आणि २००६ पासून 'ग्रेपनेट': प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटची कृषी खात्याकडे नोंद, फवारणीची वही, काढणीपूर्व नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला. दुसरा तडाखा २०१० चा. वेलीची वाढ रोखायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (सीसीसी) अंश युरोपात सापडले आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. इथे 'सीसीसी' म्हटलं की अजून लोक त्या वर्षाची आठवण काढतात. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. यादीतलं सगळं पास होतं, आणि माल नापास होता.

माझ्या मते निफाडच्या खऱ्या शिक्षणाची तारीख काढायची तर ती हीच. त्या वर्षानंतर घराघरातल्या शिकलेल्या मुलाला बागेत अचानक किंमत आली. औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी वाचणं, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते मोजणं, युरोपची मर्यादा बदलली तर ती मोबाईलवर पाहणं, वही अशी ठेवणं की तपासनिसापुढे ठेवता येईल. आजोबांच्या हाताला जे कळत होतं ते कागदावर उतरवायचं काम नातवाकडे आलं. बी.एस्सी. झालेल्याची डिग्री पहिल्यांदा त्याच्याच शेतात कामाला लागली.

अर्थशास्त्रात मानवी भांडवलाची चर्चा करताना शिक्षणाची वर्षं मोजतात. दहावी म्हणजे दहा, डिप्लोमा म्हणजे तेरा. निफाडचा अनुभव सांगतो की तीच तेरा वर्षं एका जागी बिनकामाची आणि दुसऱ्या जागी सोन्याची ठरतात. फरक पडतो तो शिकलेल्या माणसासमोर मागणी काय आहे यावर. मोजून मागणारं गिऱ्हाईक नसेल तर मोजता येणाऱ्याला कोण विचारतो?

आता नोकऱ्यांकडे येऊ, कारण इथे चित्र इतकं गोजिरं नाही.

पॅकहाउसमधली टेबलावरची बहुतेक कामं बायकांची आहेत, रोजंदारीची आहेत आणि तीन-चार महिन्यांची आहेत. बागेतली कसबी कामं (विरळणी, डिपिंग, छाटणी) पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्या आदिवासी टोळ्या करतात. एकरावर उक्तं ठरतं, मुकादम बोलणी करतो. ज्या हातांवर युरोपची साईज आणि युरोपचा रंग अवलंबून आहे त्या हातांकडे शाळेचा दाखला बऱ्याचदा नसतो, आणि त्यांच्या कसबाचा दाखला द्यायला कुणी बसलेलं नाही. शिकलेल्यांसाठी पॅकहाउसमध्ये जागा आहेत, पण थोड्या: क्वालिटी कंट्रोल, कागदपत्रं, शीतगृहाचा तंत्रज्ञ, प्रयोगशाळा, संगणक. एका पॅकहाउसमध्ये टेबलावर शंभर जणी असतील तर या जागा हाताच्या बोटांवर. मेलित्झच्या सिद्धान्तातली उत्पादक कंपनी इथे आहे, निर्यात आहे, पगारही आजूबाजूच्या मजुरीपेक्षा बरा आहे. बारमाही नोकरी नाही. आणि आपल्याकडे नोकरी म्हणजे बारमाहीच. लग्नाच्या बाजारात तर 'कंपनीत परमनंट' याला जे मोल आहे ते पाच एकर निर्यातक्षम बागेलाही नाही. बागाईतदारांच्या मुलांना मुली मिळेनात ही या पट्ट्यातली उघड व्यथा. पोरं डिग्री घेतात ती बऱ्याचदा कारखान्यासाठी कमी, पत्रिकेसाठी जास्त.

म्हणून डोळे लागतात ओझरकडे.

१९६२ च्या सुमारास मिग विमानं देशातच बांधायचं ठरलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १९६४ पासून ओझरच्या माळावर हिंदुस्तान एरोनॉटिक्सची वसाहत वसली. मिग-२१, मग मिग-२७, मग २००४ पासून सुखोई-३०. भारताच्या २७२ सुखोईंपैकी २२२ विमानांची जोडणी ओझरची. शेतकऱ्याच्या घरातला फिटर, टर्नर, शीट मेटलवाला तिथे लागला आणि त्या घराची पिढी बदलली. पक्कं घर, मुलांना इंग्रजी शाळा, निवृत्तीनंतर फंडाच्या पैशात द्राक्षबाग. तालुक्यातल्या कित्येक बागांचं पहिलं भांडवल मिगमधून आलं असणार, असा माझा कयास आहे.

पण या कारखान्याला गिऱ्हाईक एकच: भारतीय हवाई दल. ऑर्डर आली की काम, नाही आली की शांतता. सुखोईची मोठी ऑर्डर संपत आली तसं पुढे काय, हा प्रश्न कामगारांना आणि नाशिक-अंबड-सातपूरच्या पुरवठादारांना काही वर्षं भेडसावत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे साडेतेरा हजार कोटींचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून इथे बांधलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. या तिसऱ्या उत्पादन रांगेची क्षमता वर्षाला ८ विमानांची. क्षमता तयार आहे, माणसं तयार आहेत, पण तेजसचं इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून येतं आणि ते उशिरा येत राहिलं. ओझरच्या फिटरचा वेग शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्याच्या वेळापत्रकाला बांधलेला.

आणि भरतीचं रूपही बदललं. अ‍ॅप्रेंटिस म्हणून वर्षभर घेतात, मुदतीच्या कराराच्या जागा निघतात, कंत्राटदारामार्फत काम मिळतं. वडील परमनंट होते, मुलगा करारावर. ही एकट्या ओझरची गोष्ट नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर दहा कामगारांमागे साधारण चार कंत्राटी आहेत. ज्याला आपण दोन वर्षांत सोडणार त्याला कंपनी शिकवणार कशाला, आणि ज्याला दोन वर्षांत जायचंय तो जीव लावून शिकणार कशाला?

द्राक्षाकडे परदेशी गिऱ्हाईक आहे आणि बारमाही नोकरी नाही. विमानाकडे पक्क्या नोकरीची आठवण आहे आणि परदेशी गिऱ्हाईक नाही. निफाडच्या डिप्लोमाधारकाला दोन्हीकडच्या चांगल्या बाजू एकत्र देणारा कारखाना हवा आहे. तो मध्यम आकाराचा असतो, शंभर-दोनशे माणसांचा, आणि नेमका तोच आपल्याकडे विरळा आहे.

तो का विरळा, याचं एक उत्तर इथून फार दूर नसलेल्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यात सापडलं. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कापड गिरण्यांवर प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार फुकट दिले. सल्ले अगदी साधे: यंत्र बंद पडलं तर नोंद ठेवा, सुताचा साठा मोजा, फरशीवरचा कचरा काढा, दोष कुठे येतो ते रोज पाहा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे आधी का केलं नव्हतं? कित्येक मालकांना ते माहीतच नव्हतं, किंवा आपल्याकडे याची गरज नाही असं वाटत होतं. त्याहून मजेशीर निष्कर्ष पुढे आहे: घरात कर्ते पुरुष किती, यावर कंपनीचा आकार ठरत होता. बाहेरच्या माणसावर गल्ला सोपवायची तयारी नाही, त्यामुळे भाऊ आणि मुलगे संपले की कंपनीची वाढ संपली. नाशकातल्या वर्कशॉपवाल्यांनी हे वाचून हसायचं की गंभीर व्हायचं ते त्यांनी ठरवावं. चांग-ताय शिए आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अमेरिकेतला चाळीस वर्षांचा कारखाना नव्या कारखान्याच्या सात पटींहून अधिक माणसं कामाला लावतो. भारतातला टिकून राहिला तरी जेमतेम दुप्पट होतो. कारखाना वाढला नाही तर सुपरवायझर लागत नाही, मेंटेनन्स इंजिनिअर लागत नाही, क्वालिटीचा माणूस लागत नाही. मालकच सगळं पाहतो. डिग्रीला जागा उरत नाही.

पण सगळा दोष कारखान्यांवर ढकलून कॉलेजांना मोकळं सोडता येणार नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालात २०२३ मध्ये देशातल्या काही निवडक जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. पट्टीवर शून्यापासून ठेवलेल्या वस्तूची लांबी ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू थोडी पुढे सरकवून ठेवली तर फक्त ३९ टक्क्यांना सांगता आली. ज्याला लेथवर उभं राहायचंय त्याच्यासाठी याहून निर्णायक परीक्षा मला सुचत नाही. पट्टी वाचता येते, मोजता येत नाही. त्याच पाहणीत व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी मुलं ५.६ टक्के निघाली. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने औपचारिक कौशल्य शिकलेल्या कामगारांचं प्रमाण भारतात ४.६९ टक्के दिलं होतं. शेजारच्या रकान्यात जर्मनी ७५, दक्षिण कोरिया ९६. कोरियाच्या आकड्यामागे तिथल्या निर्यातदार कंपन्या होत्या. त्यांना माणूस लागत गेला, शाळा बदलत गेल्या. आपण आधी कॉलेजं काढली आणि कंपन्यांची वाट पाहत बसलो. नुसतं कॉलेज काढून कारखाना येत नाही, हे नाशिक जिल्ह्याइतकं कुणी अनुभवलं नसेल.

सरकारी पुढाकाराने कारखाना येतो का? विंचूरकडे पाहा. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करसवलती आल्या, वाइन पार्क झालं, शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींची लागवड केली. २००८ नंतरच्या मंदीत साठा पडून राहिला, वायनऱ्या अडचणीत आल्या, वेली उपटल्या गेल्या. जे टिकले ते बाजार ओळखून उतरलेले.

लासलगावच्या विकिरण केंद्राची कथा जास्त विचार करायला लावणारी आहे. 'कृषक' नावाचं हे केंद्र २००२ मध्ये उभं राहिलं ते कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. कांद्यासारख्या स्वस्त मालाला वाहतूक, विकिरण आणि पुढची शीत साठवण हे गणित परवडलं नाही. २००७ मध्ये अमेरिकेने आंब्याला दार उघडलं आणि त्यांच्या कृषी खात्याची मान्यता मिळालेलं केंद्र होतं लासलगावचं. कोकणचा हापूस घाट चढून कांद्याच्या गावी यायचा, ४०० ग्रे मात्रा घ्यायचा आणि परत मुंबईला विमान गाठायला जायचा. मान्यताप्राप्त यंत्रणा जिथे, तिथे माल चालत येतो. पुढे वाशीला केंद्र झालं आणि हा उलटा प्रवास कमी झाला.

कांद्यावर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने मात्र लासलगावला नाहीत. ते गुजरातमध्ये महुव्याला आहेत. यात नशिबाचाही भाग आहे: पांढऱ्या कांद्यात घन पदार्थ जास्त, वाळवायला तो परवडतो, आपल्या लाल-उन्हाळ कांद्यात पाणी जास्त. जळगावच्या जैन इरिगेशनने पांढऱ्या कांद्याचं स्वतःचं वाण आणि करार शेती करून ही अडचण ओलांडली. निफाडला ते का जमलं नाही याचं दुसरं उत्तर दिल्लीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण पुन्हा ४० टक्के शुल्क, सप्टेंबरमध्ये ते निम्मं, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. मेलित्झचा तो ठरलेला खर्च कोण करेल, जर दार कधी लागेल हे सांगता येत नसेल? म्हणून कांद्याचा व्यापारी गुंतवणूकदार होत नाही, तो खेळाडू होतो. आज माल आहे, आज विकतो. द्राक्षाला दिल्लीने असं कधी छळलं नाही, कारण द्राक्ष महागलं म्हणून कुणी निवडणूक हरत नाही. द्राक्ष आणि कांदा एकाच तालुक्यात, बऱ्याचदा एकाच बांधावर पिकतात. एकाभोवती पॅकहाउस, प्रयोगशाळा आणि प्रमाणपत्रं उभी राहिली, दुसऱ्याभोवती गोण्या, चाळी आणि आंदोलनं.

द्राक्षवाल्यांनाही पुढचा रस्ता सोपा नाही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दोन आठवड्यांपर्यंत लांबला, भाडं वाढलं. पेरू आणि दक्षिण आफ्रिका नव्या, टपोऱ्या, पेटंट असलेल्या जाती घेऊन त्याच दुकानांत उभे आहेत. थॉमसनवर कायम निभावणार नाही. अवकाळी पाऊस तर दरवर्षीचा. यातल्या प्रत्येक अडचणीला तंत्रज्ञ लागतो: कंटेनरमधल्या हवेचं प्रमाण सांभाळणारा, नव्या जातीचं वेळापत्रक बसवणारा, शीतगृहाची वीज वाचवणारा.

आता घोषणा आहे ड्राय पोर्टची, निफाड साखर कारखान्याच्या, म्हणजे इथल्या भाषेत निसाकाच्या, जमिनीवर. कारखान्याचं कर्ज, जिल्हा बँकेचा बोजा, जमिनीचे व्यवहार यात ते वर्षानुवर्षं फिरतं आहे. झालं तर चांगलंच होईल. कस्टमची तपासणी दारात, रेल्वे जवळ, ओझरला विमानतळ आणि मालवाहतुकीची सोय. पण ड्राय पोर्टवर नोकरी कुणाला लागेल? रिफरचं युनिट दुरुस्त करणाऱ्याला, निर्यातीची कागदपत्रं बिनचूक करणाऱ्याला, नमुना काढून तो वाचू शकणाऱ्याला. हा मुलगा तालुक्यात आजपासून घडवायला घेतला तरच वेळेवर तयार होईल.

त्याचे पैसे कुठून आणायचे, याचा एक हिशेब मी मांडून पाहिला. २०२३-२४ ची सगळी निर्यात पाच किलोच्या पेटीत धरली तर ६ कोटी ८८ लाख पेट्या होतात. पेटीमागे एक रुपया बाजूला काढला तर वर्षाला जवळपास सात कोटी रुपये. शेतकऱ्याच्या किलोला वीस पैसे. त्यात पिंपळगाव परिसरात रेफ्रिजरेशन, क्वालिटी आणि निर्यात कागदपत्रांची एक चांगली शाळा चालेल, पॅकहाउसच्या टेबलावरच्या बाईला सुपरवायझर होण्याचा दाखला देता येईल, विरळणी करणाऱ्या सुरगाण्याच्या पोराला त्याच्या कसबाचा कागद मिळेल. सीझन संपल्यावर तीच शीतगृहं आंबा, डाळिंब, भाजीला लावून बारा महिन्यांचं काम उभं करणं हे याच शिकलेल्या माणसांचं पुढचं काम. निर्यातदारांची हरकत मला ठाऊक आहे: आम्ही शिकवायचं आणि पोरगं शेजारच्या पॅकहाउसला दोन हजार जास्तीवर जाणार. हरकत खरी आहे. म्हणूनच कुठलीही एक कंपनी हा खर्च करत नाही, आणि म्हणूनच तो वाटून घ्यावा लागतो. प्रीकूलिंगचा खर्च १९९१ मध्ये तसाच वाटून घेतला होता, आणि तेव्हाही शेजाऱ्याचा माल आपल्या खोलीत का थंड करायचा असं विचारणारे होतेच.